स्कॉलरशिप देणाऱ्याला काय हवं असतं?

इंटरमीजिएटचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत हैदराबादचा चेहरा बदलतो. अमीरपेट, दिलसुखनगर, कुकटपल्ली या भागांतल्या ज्युनियर कॉलेजांच्या इमारतींवर मजला-मजला उंचीचे फ्लेक्स चढतात. त्यावर पासपोर्ट फोटोंच्या रांगा, आणि प्रत्येक फोटोखाली हजारपैकी मिळालेले गुण किंवा जेईईची रँक. फोटोतली मुलं बहुतेक एमपीसी आणि बायपीसीची, म्हणजे गणितवाली आणि जीवशास्त्रवाली. एचईसी, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र घेतलेलं मूल फ्लेक्सवर दिसलं तर नवल. या शहरात गुणवत्ता मोजायची रीत रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. एक परीक्षा, एक यादी. वरून मोजत यायचं आणि जागा संपल्या की थांबायचं.

अशा शहरात काचीगुडा किंवा सुलतान बाजार भागातल्या एखाद्या मराठी घरी अमेरिकेतल्या कॉलेजचं पत्र येतं. मुलीला बीएला प्रवेश मिळालेला असतो आणि सोबत वर्षाला तीस हजार डॉलरची ‘डीन्स स्कॉलरशिप’. आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘कितवी आलीस?’’ मुलीजवळ उत्तर नसतं. परीक्षा झालेली नसते, यादी लागलेली नसते, आणि आपल्यासारखं पत्र आणखी कितीजणांना गेलं हेही तिला माहीत नसतं. कॉलेजने तिची गुणवत्ता पाहिली हे खरं. पण तेवढंच पाहिलं असं मात्र नाही.

स्कॉलरशिपचं कोडं सोडवायचं तर घेणाऱ्याच्या गुणांपेक्षा देणाऱ्याच्या गरजेकडे आधी पाहावं लागतं. हे अमेरिकेलाच लागू आहे असं नाही. या बाबतीतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण खुद्द हैदराबादचंच आहे.

सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, वयाच्या बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक झाल्या आणि अख्ख्या इलाख्यात पहिल्या आल्या. वडील अघोरनाथ हे एडिंबराचे डी.एस्सी. आणि निजाम कॉलेजच्या उभारणीतलं मोठं नाव. लेकीने गणितज्ञ किंवा शास्त्रज्ञ व्हावं अशी त्यांची इच्छा, आणि लेक बीजगणिताच्या वहीत कविता लिहीत बसलेली. १८९५ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास शिष्यवृत्तीवर सोळा वर्षांच्या सरोजिनी इंग्लंडला गेल्या. आधी लंडनचं किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचं गर्टन. इथवरची हकीकत शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. मात्र १९०५ मध्ये निघालेल्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या त्यांच्या पहिल्या संग्रहाला आर्थर सायमन्स यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत वेगळाच तपशील आहे. या मुलीला तिच्या मनाविरुद्ध पाठवण्यात आलं होतं. डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी तिचं लग्न ठरू नये, ते परजातीचे होते, म्हणून मधे समुद्र घालण्याची घरच्यांची धडपड होती. म्हणजे एकाच शिष्यवृत्तीत दरबाराला आपल्या संस्थानची हुशार मुलगी विलायतेत चमकायला हवी होती, वडिलांना विदुषी हवी होती आणि कुटुंबाला अंतर हवं होतं. मुलीला काय हवं होतं ते तिने १८९८ मध्ये दाखवलं. पदवी न घेता ती परत आली आणि त्याच वर्षी तिने नायडूंशी लग्न केलं.

आजच्या नियमांनी पाहिलं तर ही शिष्यवृत्ती वाया गेली. पदवी नाही, संस्थानात नोकरी नाही. पण तीन वर्षांत एडमंड गॉससारख्या समीक्षकाने तिला इंग्रजी कवींची नक्कल सोडून आपल्या मुलखाबद्दल लिहायला लावलं, आणि तिथून पुढची सरोजिनी घडली. तिच्या नामपल्लीजवळच्या घराचं नावही ‘गोल्डन थ्रेशोल्ड’. १९७४ मध्ये हैदराबाद विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याचा संसार सुरुवातीला याच घरात मांडला गेला.

बडोद्याचं उदाहरण मराठी वाचकाला अधिक परिचयाचं. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. बदल्यात करार लिहून घेतला की शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. सयाजीरावांना शिकलेले अधिकारी हवे होते, आणि अस्पृश्य समाजातला अधिकारी आपल्या राज्यात असावा हा त्यांचा सुधारकी हेतूही होता. १९१७ मध्ये आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. तिथे त्यांना राहायला घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहावं लागलं, तिथूनही हाकललं गेलं, आणि काही दिवसांतच ते मुंबईला परतले. शिष्यवृत्ती देणारा महाराजा तयार होता, पण त्याचं गाव तयार नव्हतं.

पुण्यात पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा होती. इंग्रज आल्यावर तिच्याच पैशातून आधी संस्कृत पाठशाळा आणि पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि संस्कृत पंडित भांडारकर हे दोघेही त्यातलेच. मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची स्कॉलरशिप आहे, जी १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मिळवली आणि जिचं नाव काढलं की अजून जुन्या घरांत पाठ ताठ होते. मराठी माणसाच्या मनातली स्कॉलरशिप ही अशी आहे. तिला परीक्षा आहे, पहिला नंबर आहे आणि पेपरात नाव आहे. अमेरिकन कॉलेजच्या पत्राकडे तो याच चष्म्यातून बघतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. हे पत्र पाठवणारं कॉलेज बहुधा लिबरल आर्ट्सचं.

लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे काय, हे महाराष्ट्राला खरं तर जवळून माहीत असायला हवं. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड या छोट्या गावातलं कार्लटन कॉलेज हे त्यांतलंच एक. आंबेडकरी चळवळीच्या थोर अभ्यासक एलिनॉर झेलियट तिथे १९६९ पासून जवळपास तीन दशकं शिकवत होत्या. कार्लटन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर अशा मध्यपश्चिमेतल्या कॉलेजांचा एक गट आहे. या गटाने कित्येक वर्षं आपले विद्यार्थी पुण्याला पाठवले आणि त्यांना मराठी शिकायला लावलं. त्यांना मराठी शिकवणाऱ्या मॅक्सीन बर्नसन पुढे फलटणच्याच झाल्या. तिथे त्यांनी शाळा उभी केली, आणि उतारवयात हैदराबादच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत बालसाक्षरतेचं काम केलं. या कॉलेजांत विद्यार्थी साधारण दोन-तीन हजार, कधी त्याहूनही कमी. पीएचडीचा पसारा नाही, वर्ग लहान, सगळे वसतिगृहात. पहिली दोन वर्षं इतिहास, जीवशास्त्र, संगीत, संख्याशास्त्र असं हवं ते चाखायचं आणि मग मुख्य विषय ठरवायचा. एमपीसी की बायपीसी हे पंधराव्या वर्षी ठरवायची सवय झालेल्या हैदराबादी पालकाला हे ऐकून आधी घाम फुटतो.

आणि मग फी. नावाजलेल्या कॉलेजांत फी, राहणं, जेवण मिळून वर्षाचा आकडा ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. रुपयांत तो सत्तर लाखांच्या आसपास जातो. चार वर्षांनी गुणलं की बंजारा हिल्समधल्या फ्लॅटची किंमत निघते. ही छापील फी प्रत्यक्षात सगळेच भरत नाहीत. सवलत दोन वाटांनी मिळते. एक ऐपतीवर, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न, मालमत्ता आणि भावंडं बघून. दुसरी गुणवत्तेवर, ज्यात वडिलांचा पगार विचारला जात नाही.

मजा अशी की गुणवत्तेसाठी ज्यांचं नाव जगभर आहे, तीच कॉलेजं गुणवत्तेवर पैसे देत नाहीत. अॅमहर्स्ट आणि विल्यम्स इथे मेरिट स्कॉलरशिप नावाचा प्रकारच नाही. हार्वर्ड, येलसह आयव्ही लीगमधल्या आठही विद्यापीठांचं तेच. कारण साधं आहे. त्यांच्या दारात उभा असलेला प्रत्येकजण गुणवानच आहे, शिवाय सवलत नसली तरी, कर्ज काढूनही यायला तयार आहे. मग त्याला आणखी लालूच कशाला? त्यांची तिजोरी ऐपत नसलेल्यांसाठी राखलेली. अॅमहर्स्टने २००८ पासून आणि बोडनने २०२२ पासून परदेशी अर्जदाराचाही निर्णय घेताना त्याला पैसे परवडतील का हे पाहायचं नाही, असं ठरवलं. इतर बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत ते पाहतात. तिथे ‘मदत हवी’ या चौकटीत खूण केली की प्रवेशाचीच शक्यता घटते, आणि ही गोष्ट अर्ज भरतानाच कळलेली बरी.

या दोन वाटांपैकी ऐपतीची वाट जुनी. हार्वर्डला पहिली शिष्यवृत्ती १६४३ मध्ये लंडनच्या लेडी अॅन मोल्सन यांनी दिली. शंभर पौंड, आणि अट अशी की मुलगा गरीब असावा. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर १८९२ पासून कुणाकडूनच शिकवणी फी घेत नाही. मुलांनी कॉलेजात काम करायचं, आणि प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्यांना.

गुणवत्तेच्या बाजारात खरी तेजी आली ती एका खटल्यानंतर. १९५८ पासून आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एमआयटी यांचे अधिकारी दर वसंतात एकत्र बसत. अॅमहर्स्ट, विल्यम्स, वेस्लियन, व्हॅसर, स्मिथ अशी चौदा कॉलेजंही त्यात येत गेली. एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळालेला असला तर त्याच्या कुटुंबाने सगळीकडे सारखीच रक्कम भरायची, हे त्या बैठकीत ठरे. मूळ करार असा की मदत फक्त ऐपतीवर, गुणांची बोली लावायची नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने याला किमती ठरवणारी युती म्हटलं आणि खटला भरला. आयव्ही लीगने माघार घेतली. एमआयटी लढत राहिलं, आणि शेवटी तडजोड झाली. वरच्या पायरीवरच्यांनी आपलं धोरण फारसं बदललं नाही. पण एकाच मुलासाठी कॉलेजांनी एकमेकांत ठरवून किंमत बांधायची नाही, हे कायद्याने सगळ्यांच्या कानावर घातलं.

खालच्या पायरीवर हिशेब आधीच सुरू झाला होता. १९७० च्या दशकात बोस्टन कॉलेजात जॅक मॅग्वायर नावाचे प्रवेश अधिकारी होते. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. कॉलेजची पटसंख्या घसरत होती, तिजोरी रिकामी होत होती. कुठल्या प्रकारच्या मुलाला किती सवलत दिली तर तो येण्याची शक्यता किती वाढते, हे मॅग्वायर यांनी आकडेमोड करून काढायला सुरुवात केली. तोवर प्रवेश, मदत आणि विद्यार्थी टिकवणं ही तीन खाती तीन दालनांत होती; ती एका टेबलावर आली. आज अमेरिकेत या कामासाठी सल्लागार कंपन्या आहेत आणि पुष्कळ कॉलेजांत एक उपाध्यक्ष असतो.

हा हिशेब कागदावर मांडला की लगेच समजतो. समजा, एका कॉलेजची फी ६० हजार डॉलर आहे आणि मदतीसाठी ६० हजार डॉलर हाताशी आहेत. एका अत्यंत हुशार, अत्यंत गरीब मुलीला पूर्ण फी माफ केली, की पैसे संपले आणि मुलगी एक मिळाली. तेच ६० हजार पंधरा-पंधरा हजारांच्या चार स्कॉलरशिपांत वाटले, आणि त्या चार बऱ्या घरच्या, बऱ्या गुणांच्या मुलांना मिळाल्या, तर प्रत्येकजण उरलेले ४५ हजार भरतो. कॉलेजकडे १ लाख ८० हजार येतात आणि वर्ग चारने भरतो. चौघांच्याही घरी ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलर’ असं छापलेलं पत्र फ्रेम होतं. पत्रावर डीनची सही असते, पण आकडा बहुधा आधीच तक्त्यात ठरलेला असतो: शाळेतले गुण एका बाजूला, सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण दुसऱ्या बाजूला, मधल्या चौकटीत डॉलर. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना दिली जाणारी सरासरी सवलत आता छापील फीच्या निम्म्याहून जास्त झाली आहे. दसऱ्याच्या सेलमधली खोडून लिहिलेली किंमत आठवली तर ते चुकीचं नाही. फरक इतकाच की इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी चिठ्ठी मिळते.

म्हणून सगळ्याच मेरिट स्कॉलरशिप पोकळ म्हणायच्या का? तसं नाही. काही कॉलेजं मोठ्या देणगीतून मोजक्याच पण भरघोस शिष्यवृत्त्या देतात, आणि तिथे खरोखर निवड होते. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजला २००७ मध्ये रूपर्ट जॉन्सन या माजी विद्यार्थ्याने १० कोटी डॉलर दिले. त्यातून निघालेल्या जॉन्सन स्कॉलरशिपमध्ये फीसह राहण्या-जेवणाचाही खर्च निघतो, आणि वर्गातल्या सुमारे दहा टक्के मुलांना ती मिळते. तिच्यासाठी वेगळा निबंध, मग अंतिम फेरीतल्यांना कॅम्पसवर बोलावणं. मुलाखतीत प्राध्यापकांशी बोलायचं, बरोबरच्या उमेदवारांसोबत जेवायचं, आणि तेही कुणीतरी बघत असतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसनची बेल्क आणि रिचमंड विद्यापीठाची रिचमंड स्कॉलर्स या त्याच जातीच्या. देणाऱ्याला इथे फी नको असते. अॅमहर्स्ट किंवा येलला जाऊ शकणारी दहा-वीस मुलं आपल्याकडे वळवून अख्ख्या वर्गाची पातळी चढवायची, हा त्यामागचा हेतू असतो.

अर्ज वाचतो कोण? साधारणपणे प्रत्येक भूभागासाठी नेमलेला एक वाचक असतो. भारताचा वाचक हैदराबादच्या शाळा थोड्याफार ओळखतो. तो चार वर्षांचे गुण बघतो, निबंध बघतो, दोन शिक्षकांची पत्रं आणि शाळेच्या समुपदेशकाचं पत्र वाचतो. प्रवेश परीक्षेचे गुण अनेक ठिकाणी ऐच्छिक आहेत. बोडनने ते १९६९ मध्येच ऐच्छिक केले, बेट्‌सने १९८४ मध्ये. वाचक शोधत असतो ती मुलगी चर्चेत बोलेल का, वसतिगृहात रात्री दोन वाजता कुणाशी वाद घालेल का, आणि यंदा ऑर्केस्ट्राला व्हायोलिनवादक कमी पडतो आहे त्याचं काय.

कागदावरच्या गुणांत न मावणारं असं काही असतं याचा पुरावा हैदराबादेत शोधायला लांब जावं लागत नाही. नरहर कुरुंदकर इथल्या सिटी कॉलेजात शिकत होते आणि इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास होत होते. मराठवाड्यातला सर्वांत कुशाग्र वाचक, पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य, कुठल्याच रँकच्या यादीत बसला नसता. त्यांना ओळखणाऱ्या शिक्षकाने लिहिलेलं पान मात्र वाचकाच्या टेबलावर सगळ्या अर्जांच्या वर राहिलं असतं.

हे असं पान लिहिणार कोण, हाच हैदराबादचा कळीचा प्रश्न आहे. बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलसारख्या शाळेत किंवा गच्चीबावली-कोंडापूरकडच्या इंटरनॅशनल शाळांत समुपदेशक असतो. तो शाळेचा परिचय लिहून पाठवतो, गुणपद्धती समजावतो, मुलाला ओळखतो. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या ज्युनियर कॉलेजात मुलाचं नाव हजेरीपुरतं माहीत असतं. तिथली मुलगी हजारपैकी ९८० मिळवते, पण तिच्याबद्दल दोन परिच्छेद लिहू शकेल असा शिक्षक मिळत नाही. अशा वेळी जुनी शाळा कामी येते. दहावीपर्यंत जिथे शिकली, तिथल्या मराठीच्या किंवा इतिहासाच्या बाईंचं पत्र चालतं का, हे कॉलेजला विचारता येतं, आणि पुष्कळदा चालतं. कोठीजवळच्या विवेक वर्धिनीसारख्या संस्थेत अशा बाई अजून असतात. मराठी साहित्य परिषदेच्या ‘पंचधारा’त छापून आलेला लेख, मराठी ग्रंथसंग्रहालयात उन्हाळाभर केलेलं पुस्तकांच्या नोंदींचं काम, हे फ्लेक्सवर शून्य किमतीचं असलं तरी वाचकाच्या टेबलावर त्याला वजन असतं. अट एकच, ते खरं हवं आणि नेमकं सांगितलेलं हवं. ‘अनेक सामाजिक उपक्रमांत सहभाग’ या वाक्यावर वाचकाची नजर ठरत नाही.

दुसरीही एक गोष्ट वाचक पाहतो, आणि तिचा गुणवत्तेशी काहीच संबंध नसतो. ही मुलगी येईल का? प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्षात दाखल होतात, या प्रमाणाला तिथे यील्ड म्हणतात, आणि मधल्या फळीतली कॉलेजं त्यापायी हैराण असतात. म्हणून काही कॉलेजं अर्जदाराने ऑनलाइन माहितीसत्राला हजेरी लावली का, पाठवलेली मेल उघडली का, याचीही नोंद ठेवतात. चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून व्हिसा मागणाऱ्यांच्या शहरात हे ऐकायला गंमतीचं वाटतं. पण मेल उघडणं हा इथला सर्वांत स्वस्त नवस आहे. याची उलटी बाजूही आहे. ‘प्रवेश दिलात तर नक्की येईन’ असा बांधील अर्ज केला की प्रवेशाची शक्यता वाढते आणि घासाघीस करायची ताकद जाते.

पत्र हातात पडलं की बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाचायचा. तीस हजारांची स्कॉलरशिप चारही वर्षं तीस हजारच राहते, पण फी दर वर्षी वाढते. टिकवायला ठरावीक जीपीए लागतो, आणि पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात आपटलेल्या मुलाला तो अचानक दूर दिसतो. राहण्या-जेवणाचा जो भाग स्कॉलरशिपमधून भरला जातो, त्यावर परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेचा कर लागतो आणि साधारण १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करकराराने भारतीय विद्यार्थ्यांना दिलेली प्रमाणित वजावट फार थोड्यांना माहीत असते. शिवाय रुपया. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो ८३ च्या पुढे गेला. चार वर्षांचा खर्च आजच्या दराने मांडणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

कुठलं कॉलेज परदेशी मुलांना किती देतं, हे गुप्त नाही. बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक लांबलचक तक्ता जाहीर करतात. त्यात ‘एच’ विभाग मदतीचा. एच-२ए या रांगेत ऐपत असूनही गुणवत्तेवर पैसे मिळालेले किती आणि सरासरी किती, हे असतं. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना आणि एकूण किती डॉलर दिले, ते. एच-६ रिकामं असलेल्या कॉलेजला अर्ज करायचा तर खिसा भरलेला हवा. हिमायतनगरच्या किंवा पंजागुट्ट्याच्या कन्सल्टन्सीत हा तक्ता सहसा दाखवला जात नाही. अनेक कन्सल्टंट विद्यापीठांकडून मिळणाऱ्या दलालीवर चालतात, आणि ही छोटी कॉलेजं त्या यादीत क्वचितच असतात.

भारतातली नवी लिबरल आर्ट्‌स विद्यापीठं या दोन वाटांपैकी कुठली धरतात, हे पाहणंही उद्‌बोधक आहे. सोनीपतच्या अशोका विद्यापीठाने २०१४ मध्ये बीए सुरू करताना मदतीचा पाया गुणांवर न रचता कुटुंबाच्या ऐपतीवर रचला. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचंही धोरण ऐपतीचंच. पुण्यात २०११ पासून सिंबायोसिसचा आणि लवळ्याला फ्लेमचा अभ्यासक्रम आहे, तर आंध्रातल्या श्री सिटीत क्रिया विद्यापीठ. भारतात मोठी फी भरू शकणाऱ्या घरांना सवलत देऊन ओढण्याची गरज अजून अमेरिकेइतकी तीव्र झालेली नाही, आणि इथल्या देणगीदारांना ‘पैशावाचून कुणी परत गेलं नाही’ हे ऐकायला आवडतं. पण कॉलेजं वाढतील तशी चुरस वाढेल, आणि मॅग्वायर यांचा तक्ता इथेही पोचेल अशी चिन्हं आहेत.

सरकारी मदतीचं गणित निराळंच. तेलंगणात फी रीइम्बर्समेंट आहे, ती उत्पन्न आणि समाजगट बघून, आणि मुख्यतः राज्याच्या आतल्या कॉलेजांसाठी. परदेशासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आंबेडकर ओव्हरसीज विद्या निधी, मागासवर्गीयांना महात्मा ज्योतिबा फुले यांच्या नावाची योजना, अल्पसंख्याकांना मुख्यमंत्र्यांची. या योजनांत २० लाखांपर्यंत मिळतात, पण पदव्युत्तर शिक्षणाला. सीमेपलीकडे महाराष्ट्रातली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही एमए, एमएस आणि पीएचडीसाठीच आहे. बारावीनंतर थेट ओहायोला बीए करायला निघालेल्या एचईसीच्या मुलीला यातलं काहीच लागू होत नाही. तिच्यापुढे कॉलेजची तिजोरी, बँकेचं कर्ज आणि घरचं सोनं एवढेच पर्याय असतात. तीनपैकी पहिल्याशीच बोलणी होऊ शकतात. दुसऱ्या कॉलेजचं जास्त रकमेचं पत्र जोडून, घरच्या परिस्थितीत काय बदललं ते आकड्यांत लिहून, एप्रिलमध्ये ‘फेरविचार करावा’ अशी मेल पाठवता येते. कॉलेजं तिला उद्धटपणा मानत नाहीत, अनेकांकडे त्यासाठी वेगळा अर्जच असतो. बहुतेक ठिकाणी होकार आणि अनामत रक्कम भरायची मुदत १ मे असते. तोवर जागा रिकाम्या राहतील ही धास्ती कॉलेजच्याच बाजूला जास्त असते.